पाळीची काठी

शुभदाताई खाली आल्या त्या गॅसवाल्याचा नंबर विचारायला. शुक्रवार होता, ऑक्टोबरचा शेवटचा दिवस, सत्त्याण्णव साल. ऊन उतरलं होतं. बहरैनमधल्या उम्म अल हस्सम वस्तीतलं आमचं घर म्हणजे एक जुना दुमजली व्हिला. खाली मी, माझी बायको सायरा आणि आमची हिना. वर शुभदाताई, त्यांचे यजमान सदानंद आणि चार वर्षांची इरावती. त्यांना राहायला येऊन दोनच महिने झाले होते. ताई पुण्याच्या, बँकेत अकाउंटंट. बोलायला मोकळ्या, पण समोरच्यानं काही सांगितलं की आधी त्यांची भुवई वर जाणार.

मी नंबर लिहून दिला आणि म्हटलं, "ताई, जरा बसता का? एक गोष्ट सांगायची आहे. आज नाही सांगितली तर उद्या उशीर होईल."

"असं काय आहे उद्या?" ताई हसल्या.

सायरानं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. "ऐकून घ्या ताई. दोन वर्षांमागं हे गप्प बसले, त्याचं काय झालं ते मी बघितलंय."

भुवई वर गेली, पण ताई बसल्या. सायरानं चहा ठेवला, कोपऱ्यातला दिवा लावला, हिनाला आत नेलं. मी सांगायला लागलो. कुठून सुरुवात करावी ते दोन वर्षं मनात घोळत होतं, तरी जीभ अडखळलीच.

मी श्रीवर्धनचा. पंप उघडून बसलो की मला जगाचं भान राहत नाही, तेवढी एक विद्या अल्लानं दिली. त्र्याण्णव साली आमच्या कंपनीनं समुद्राचं पाणी ओढायचे मोठे पंप स्पेनहून मागवले, आणि ते खोलायला-जोडायला शिकून ये म्हणून मला सहा आठवडे तिकडे पाठवलं. हिना तेव्हा सहा महिन्यांची. सायराला आणि तिला इथे सोडून जाणं अगदी जिवावर आलं होतं.

कारखाना उत्तरेला, लिओनच्या डोंगरांच्या पायथ्याशी. तिथला फोरमन फिदेल. तो पूर्वी कामासाठी बहरैनला येऊन गेलेला, जुफैरला वर्षभर राहिलेला. इंग्रजी कामापुरतं यायचं, आणि दर दोन वाक्यांनंतर 'खलास' म्हणायचा. कारखान्याजवळ हॉटेल नव्हतं, म्हणून त्यानं माझी सोय आपल्या आईकडे केली, डोंगरात चार किलोमीटर वर.

आईचं नाव उर्सुला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगानं चिपाड, पण लाकडं फोडायला स्वतः बसायची. गावात चाळीसेक घरं. काळ्या पाटीच्या दगडाची छपरं, लाकडी सज्जे, गोठ्यावर माणसांच्या खोल्या. आणि चाळीसांतल्या फक्त दोन घरांतून धूर निघायचा. एक उर्सुलाचं, दुसरं गास्पार नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाचं. बाकीचे शहरात गेले होते, नाहीतर देवळामागच्या कबरस्तानात.

पहिल्या संध्याकाळी मी फिदेलकडून तिला सांगवलं की मी डुकराचं खात नाही. तिकडे तर घरोघर तेच, छताला टांगलेलं. मला वाटलं, म्हातारी नाक मुरडणार. ती उठली, माळ्यावरून एक कोरं पातेलं काढलं, राखेनं तीनदा घासलं आणि वेगळ्या खुंटीला अडकवलं. त्या पातेल्यात माझ्याखेरीज कुणाचं काही शिजलं नाही. मी आखातात पंधरा वर्षं काढली आहेत, नाना देशांची माणसं बघितली आहेत. पण न विचारता, न मिरवता पाहुण्याचं करावं कसं, ते मी त्या बाईकडे शिकलो.

शनिवार-रविवार सुट्टी. मी फिरायला निघायचो. ताई, इथे वाळू आणि काँक्रीट बघून डोळे कोरडे पडलेले, आणि तिथे ऐन पानगळ. आमच्या कोकणातली झाडं पानं टाकतात ती कुणाला कळणार नाही अशी. तिथे अख्खा डोंगर एकदम रंग बदलतो. वर बीच नावाची झाडं तांबडी, खाली चेस्टनट पिवळे, ओढ्याच्या कडेनं पॉपलर हळदीसारखे. पायवाटेवर घोट्याइतकी पानं. त्यांचा वास दमट, गोडसर, पावसाळ्यात भाताच्या पेंढ्याला येतो तसा. मी तासन् तास चालायचो आणि भेटायचं कोण, तर गास्पारच्या मेंढ्या.

उर्सुलानं मला चेस्टनट वेचायला शिकवलं. त्याची बोंडं काटेरी. हातानं धरायची नाहीत, टाचेखाली दाबून फोडायची. संध्याकाळी ती भोकं पाडलेल्या तव्यात ते भाजायची. चव थेट भाजलेल्या फणसाच्या आठळीची. पहिला चेस्टनट तोंडात टाकला तेव्हा मला आईची आठवण येऊन घास उतरेना. म्हातारीनं पाहिलं, काही विचारलं नाही, आणखी चार माझ्यापुढे सरकवले. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. सहा आठवडे आमचं काही अडलं नाही.

फिदेलला मात्र तिची काळजी. हिवाळ्यात रस्ता बंद होतो, शहरात माझ्या फ्लॅटवर चल म्हणून तो दर आठवड्याला तिच्या मागे लागायचा. ती मान हलवायची. "काय म्हणते?" मी एकदा विचारलं. तो वैतागून म्हणाला, "म्हणते, मी गेले तर पाळी कोण करणार. एकटा गास्पार दरवर्षी कसा करील." कसली पाळी ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एक नोव्हेंबरला सोमवार असूनही सुट्टी होती. तो त्यांच्याकडे मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. उर्सुला आणि गास्पार सकाळीच फुलं घेऊन कबरी साफ करायला गेले. मी बाहेर पडलो तर दाराला एक काठी टेकवून ठेवलेली. छातीइतकी उंच, हाताळून गुळगुळीत झालेली, वरपासून खालपर्यंत बारीक खाचा. आदल्या दिवशी मी ओढ्यात घसरून पडलो होतो. मला वाटलं, बाईनं माझ्यासाठीच ठेवली. मनातल्या मनात तिला दुवा दिली आणि काठी घेऊन निघालो.

त्या दिवशी मी फार लांब गेलो. परतताना दुपार कलली. गावाच्या वरच्या टोकाला पाण्याची दगडी डोणी होती, तिच्यासमोर एक बंद घर, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ निघून चालली होती. मी वजूसाठी हातपाय धुवायला बसलो. काठी भिजू नये म्हणून त्या बंद घराच्या दाराला टेकवली. तिथेच गवतावर नमाज पढलो. सलाम फिरवला तेव्हा दरीतून धुकं वर चढत होतं, इतक्या झपाट्यानं की मी घाबरून उतरायला लागलो. काठी तिथेच राहिली. घरात शिरून जोडे काढले तरी माझ्या लक्षात आलं नाही.

ताई म्हणाल्या, "काठीच ना? दुसऱ्या दिवशी आणायची."

मीही तेच म्हणालो असतो. पण सूर्य बुडाल्यावर उर्सुला फिदेलबरोबर परत आली, दाराशी थबकली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. मग तिनं मला विचारलं. मी हातानं वरच्या घराची दिशा दाखवली, आणि तिचा चेहरा उतरला. मागून गास्पार आला, त्याला कळलं तसं त्यानं छातीवर क्रूस काढला.

फिदेल सांगायला तयार नव्हता. त्याला माझ्यासमोर गावंढळ दिसायचं नव्हतं. आई त्याच्यावर ओरडली तेव्हा बोलला, खाली बघत.

ती काठी पाळीची होती. पूर्वी डोंगरात मुसाफिर, भिकारी फार यायचे. गाव गरीब, एका घराला रोज पाहुणा परवडणार नाही. म्हणून गावानं काठी ठेवली. ज्या घराच्या दाराला काठी, त्या घरानं त्या दिवशी येईल त्याला जेवू घालायचं, चुलीशी जागा द्यायची. दुसऱ्या दिवशी काठी शेजारच्या दाराला. कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि कुणी एकट्यानंच सगळं पुण्य घ्यायचंही नाही. ताई, खायची मारामार असलेल्या माणसांनी असा कायदा केला. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, तो अजून भीतीचा नव्हता.

मग एका दुष्काळाच्या साली, याच दिवशी, बर्फात एक माणूस आला. काठी त्या वरच्या घराच्या दाराला होती. घरधन्यानं अंधार पडल्यावर हळूच ती शेजाऱ्याच्या दाराला नेऊन लावली. शेजाऱ्यानं परत त्याच्या. सकाळी तो माणूस डोणीजवळ गारठून मेलेला सापडला. तेव्हापासून सूर्य बुडाला की काठीला हात लावायचा नाही. कारण आता भिकारी येत नाहीत, पण तो येतो. वर्षातून एकदा, आज.

"आणि दार उघडलं नाही तर?" मी विचारलं.

"त्या वरच्या घरानं पुढच्या वर्षीही उघडलं नाही. त्यानंतर त्यांच्या घरात अन्न लागेना. उकळत्या पातेल्यातलं वाढलं तरी ताटात गार. खायचे, पोट भरायचं नाही. वसंत येईपर्यंत पाच माणसं गेली. कोठारात धान्य होतं." फिदेलनं खिशात हात घातले. "हे म्हातारे सांगतात. मी सांगत नाही."

"पण आता ते घर रिकामं आहे. कुणाला काय होणार?"

फिदेलनं आईला विचारलं. उर्सुला माझ्याकडे बघत सावकाश बोलली. त्यानं भाषांतर केलं तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता.

"रिकाम्या घराला काठी ज्यानं टेकवली, पाळी त्याच्या घराची."

माझं घर कुठे होतं? इथे. सायरा इथे, अंगावरचं मूल घेऊन. सहा महिन्यांची हिना आईच्या दुधावर. मी शिकलेला माणूस आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण सायराचं दूध हिनाला पुरणार नाही, हा एकच विचार डोक्यात आला आणि मी उठलो.

उर्सुलानं माझ्याच पातेल्यात घेवड्याची आमटी भरून दिली, एक मोठा पाव, वाटी-चमचा, आणि पत्र्याच्या बादलीत निखारे. ती स्वतः येऊ शकत नव्हती. ज्याची पाळी त्यानंच करायची. तिनं फिदेलकडून दोन गोष्टी सांगितल्या. "तो रागावत नाही. तो फक्त भुकेला असतो." आणि, "जेवण झालं की तो उंबऱ्यात थांबेल. तुझ्या घराचं नाव सांग, म्हणजे तो दुवा देईल."

फिदेल डोणीपर्यंत आला, पुढे आला नाही. धुक्यात त्याची बॅटरी तेवढी दिसत होती. दाराची कडी नुसती लावलेली होती. आत गार ओल, उंदरांचा वास, मधोमध दगडी चूल. फळ्या मोडून जाळ केला. खाली बसलो. बाहेर छपरावरून पाणी ठिबकत होतं, एक थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग एक थेंब. मी कुराणातली आयतुल कुर्सी पढत होतो आणि मधेच विसरत होतो.

मग ठिबकणं थांबलं.

दारावर थाप पडली. उघड्या पंजाची, हळू. तीनदा.

ताई, मी उठलो कसा ते मला आजही माहीत नाही. दार उघडलं. धुक्यात एक बुटका माणूस, डोक्यावरून घोंगडी घेतलेली. भिजलेल्या लोकरीचा वास आला, आणि कुजलेल्या पानांचा. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "या... बसा." मराठीत. तो आला. त्याच्या पायांचा आवाज झाला नाही, फक्त तो जिथून गेला तिथली फरशी ओली झाली.

तो चुलीशी बसला. जाळाचा उजेड त्याच्या गुडघ्यांपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा; वर काही दिसायचं नाही. मी वाटी भरून पुढे ठेवली. चमच्याचा आवाज येऊ लागला. वाटी तशीच भरलेली होती. पण चुलीवरचं पातेलं उतरत होतं, बोटभर, दोन बोटं. आणि माझं पोट, दुपारपासून उपाशी असलेलं, भरत होतं. मला जेवल्यासारखं वाटायला लागलं, ऊब आली, सुस्ती आली. भीती होती, ती कुठे जाणार, पण तिच्याबरोबर मला त्या माणसाची माया वाटली. किती वर्षं हा चालतोय, आणि मागतोय काय, तर वाटीभर आमटी.

खिशात बहरैनहून आणलेले खजूर होते. तेही मी पुढे केले. चमचा थांबला. खजूर माझ्या तळहातावरून गेले, मला काही लागलं नाही, फक्त गार वारा.

पातेलं रिकामं झालं तसा तो उठला आणि उंबऱ्यात पाठमोरा थांबला. घराचं नाव सांगायचं होतं. माझी तिथे गफलत झाली. त्यांच्यात घराला नाव असतं, 'वाटेवरचं', 'अक्रोडाखालचं' असं. उर्सुलाचा अर्थ, उभा आहेस त्या घराचं नाव सांग. पण ते घर माझं नव्हतं, आणि पाहुण्याशी खोटं बोलायचं कसं? आणि आपल्याला आखातात सवय काय लागलेली असते! व्हिसा, सीपीआरचं ओळखपत्र, शाळा, दवाखाना, कुणीही विचारलं की अख्खा पत्ता धडाधड म्हणायचा. मी म्हणून टाकला. फ्लॅट नंबर, बिल्डिंग नंबर, रोड नंबर, ब्लॉक नंबर, उम्म अल हस्सम, बहरैन.

मग घोंगडीच्या आतून माझा पत्ता परत ऐकू आला. हळू, चाचपडत, एकेक आकडा. माझ्याच आवाजात... आणि आकडे मराठीत.

मग दारात फक्त धुकं राहिलं.

सकाळी उर्सुलानं विचारलं, काय नाव सांगितलंस. मी सांगितलं. मला वाटलं, रागावेल. तिनं माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले आणि रडायला लागली. फिदेल चक्रावला. "ती म्हणते, आता मी मेले तरी त्याला दार आहे. इतकी वर्षं तिला मरणाची भीती नव्हती, याची होती. गास्पारही थकला, म्हणते." त्या हिवाळ्यात ती मुलाकडे शहरात राहायला गेली. मी निघताना तिनं मला काठी दिली. मी विमानात ती लंगडत नेली, म्हणजे कुणी अडवणार नाही. दुसऱ्या दारालाही लाव, एकट्यानं ठेवू नकोस, असं तिनं दोनदा बजावलं होतं.

ताईंचा चहा गार झाला होता. "मग तो... आला इथे?"

"आला," सायरा दारात उभी राहून म्हणाली. "चौऱ्याण्णवला. सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली आणि थाप पडली. मी ह्यांच्यावर हसत होते तोवर. दार उघडलं तर पानांचा वास आला, ताई. बहरैनमध्ये, पानांचा! मी तांदळाची भाकरी नि सुरमईचं कालवण वाढलं. भांडं पुसून गेला. उंबऱ्यात थांबला तेव्हा मीच म्हटलं, माझी लेक बरी राहू दे."

पुढच्या वर्षी वर रहिमतुल्ला राहायचा, बायको हलिमा आणि दोन मुलं. म्हसळ्याचा, मनामात दुकानात कारकून, माझा चांगला दोस्त. एक नोव्हेंबरला मी काठी वरच्या दाराला नेऊन लावली. उर्सुलानं सांगितलं तसं केलं. पण त्याला कारण सांगितलं नाही. लाज वाटली. जमाल खुळा झाला म्हणेल, मशिदीत हसतील. वाटलं, रहिमतुल्ला दार तर उघडीलच, दारी आलेल्याला तो परत पाठवणारा नव्हता.

ते सगळे त्या संध्याकाळी मनामातल्या नईम भागात गेले होते, चुलतभावाच्या मंगनीला. मला माहीत नव्हतं. मी खाली बसून थाप ऐकली. तीनदा. मग परत तीनदा. अर्धा तास ताई, हळू, उघड्या पंजाची. मला वाटलं, आत्ता उघडतील. वर जायचं धाडस माझ्याच्यानं झालं नाही.

आठ दिवसांनी हलिमा पातेली घेऊन खाली आली. म्हणाली, भाभी, माझा स्टोव्ह बिघडलाय का बघ, भात वाफेचा काढते आणि ताटात थंडगार. सायरानं आमच्या शेगडीवर शिजवून दिला. वर नेईपर्यंत गार. मुलं चार चार वेळा जेवायची आणि रात्री भूक म्हणून रडायची. डॉक्टर झाले, कृमीची औषधं झाली. फेब्रुवारीत त्यांनी खोली सोडली. गावी गेल्यावर मुलं सावरली, असं पत्र आलं, अल्लाचे उपकार. पण त्या तीन महिन्यांत धाकट्याच्या छातीचा पिंजरा दिसायला लागला होता, आणि ते माझ्या लाजेमुळे. म्हणून आज तुम्हाला बसवून घेतलं.

वरून इरावतीची हाक आली, "आई, I'm hungry!" आणि ताई दचकल्या.

"मागच्या वर्षी वरचा मजला रिकामा होता," मी म्हटलं. "म्हणून पाळी परत आमचीच. यंदा वर माणसं आहेत. उद्या तुमची."

"उद्या सदानंद शिफ्टवर नाहीत, घरीच असतील," ताई हिशेब केल्यासारख्या म्हणाल्या. मग त्यांनाच आपल्या बोलण्याचं नवल वाटलं. "जमालभाई, मी असल्या गोष्टी मानत नाही हं. पण कुणी दारात आलं तर आम्ही जेवायला वाढतोच. ते काही सांगावं लागत नाही." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "एकच पान मांडायचं ना?"

मी सायराकडे पाहिलं. हे सांगायचं राहिलं होतं, आणि हेच सगळ्यात कठीण होतं.

"मागच्या वर्षी दोघं आले."

"दोघं?"

"उर्सुला त्याच वर्षी जुलैमध्ये वारली. फिदेलचं पत्र आलं होतं. शहरात, सहाव्या मजल्यावर. गावापासून लांब." "त्याच्या मागे उभी होती. चेहरा मलाही दिसला नाही. पण सायरा वाढायला लागली तर तिनं डाव काढून घेतला. आधी त्याला वाढलं. त्याचं होईपर्यंत बसली नाही. मग खाली बसली आणि आपलं पान पुढे केलं, आणि ताई, मला रडू आवरेना. जन्मभर लोकांना दार उघडणारी बाई, आणि आता तिलाच दार ठोठावावं लागतंय."

दिव्याभोवती एक चिलट घिरट्या घालत होतं. ताईंनी ओढणी खांद्यावर सारखी केली.

"आणि गास्पार?"

"तो यंदा ऑगस्टमध्ये वारला. वृद्धाश्रमात. गावातलं शेवटचं दार बंद झालं." आता अर्धंच सांगण्यात अर्थ नव्हता. "फिदेलनं लिहिलंय, त्या चाळीस घरांतली बहुतेक माणसं बाहेरच मेली. माद्रिद, बार्सिलोना, अर्जेंटिना... गावात परत कुणी आलं नाही. थाप मारायची तर त्यांनाही आता एवढंच दार उरलंय."

ताई उठल्या. दारापर्यंत गेल्या, तिथे वळल्या. भुवई आता वर नव्हती.

"माझ्याकडे सहा ताटं आहेत," त्या म्हणाल्या. "पुरतील ना?"

"यंदा पुरतील," मी म्हटलं.